औषधी क्रीमचे पर्यावरणपूरक विश्लेषण: नमुन्यापासून सुरुवात करा

औषधी क्रीमसाठी एचपीएलसीची (मिश्रणातील घटक भरलेल्या नळीतून म्हणजे कॉलममधून नेऊन वेगळे करून मोजण्याच्या तंत्राची) पर्यावरणपूरक पद्धत विकसित करायला घेतली की बहुतेक नवे संशोधक आधी मोबाइल फेजकडे, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाकडे, वळतात. अ‍ॅसिटोनायट्राइल या विषारी द्रावकाच्या जागी इथेनॉल वापरले की काम झाले, असे त्यांना वाटते. क्रीमवर काम करताना माझे मत मात्र असे बनले की द्रावकाची बचत किंवा उधळपट्टी बरीचशी नमुना तयार करतानाच ठरते.

क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशक औषधाच्या 1 टक्का क्रीमचे उदाहरण घेऊ. एक ग्रॅम क्रीममध्ये औषध 10 मिलिग्रॅम असते. बाकी सारा सीटोस्टिअरिल अल्कोहोलसारखा स्निग्ध बेस, पाणी आणि परिरक्षक असतात. हा बेस दूर करण्यासाठी हेक्झेन किंवा क्लोरोफॉर्मने निष्कर्षण करण्याचा मोह टाळावा. वजन केलेली क्रीम झाकणाच्या नळीत इथेनॉलसह घेऊन सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात बेस वितळेपर्यंत ठेवावी, जोरात हलवावी आणि मग बर्फात थंड करावी. स्निग्ध पदार्थांचा बराचसा भाग पांढरा होऊन थिजतो. सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून घन भाग तळाशी बसवून) द्रव गारच असताना गाळून घ्यावा. तो खोलीच्या तापमानाला आला की थिजलेला भाग पुन्हा विरघळू लागतो आणि पुढे पाण्याचा अंश असलेल्या मोबाइल फेजमध्ये मिसळताच कॉलमच्या तोंडाशी साचतो. दाब हळूहळू चढत गेला, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

ऊब देताना औषधाचा स्वभाव ठाऊक हवा. क्लोट्रिमॅझोल आम्लात विघटित होते, तर बीटामेथासोन व्हॅलरेट या स्टेरॉइडमधील व्हॅलरेट गट उष्णतेने रेणूतील 17व्या स्थानावरून 21व्या स्थानावर सरकू शकतो. म्हणून तापवण्याचा वेळ कमीत कमी ठेवणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते.

आता इथेनॉलविषयी. पाण्यात मिसळल्यावर त्याची श्यानता (दाटपणा) वाढते व कॉलममधला दाबही वाढतो. कॉलम 40 ते 50 अंशांवर ठेवल्यास तो आटोक्यात येतो. औषध किती अतिनील प्रकाश शोषते यावरून ते मोजतात, पण साधारण 210 नॅनोमीटर तरंगलांबीच्या खाली इथेनॉल स्वतःच प्रकाश शोषते. स्टेरॉइड 240 नॅनोमीटरच्या आसपास मोजता येत असल्याने तिथे ही अडचण येत नाही. यंत्र परवानगी देत असेल तर 4.6 मिलिमीटरऐवजी 2.1 मिलिमीटर व्यासाचा कॉलम घ्यावा. त्याच रेषीय वेगाला (कॉलममध्ये द्रावक पुढे सरकण्याच्या वेगाला) द्रावक जवळपास एक-पंचमांशच लागते.

पद्धत किती हरित आहे हे मोजण्यासाठी 2020 मध्ये आलेले अ‍ॅग्री हे साधन 0 ते 1 दरम्यान गुण देते. गुण मोजण्याची घाई मात्र करू नये. आधी औषधविरहित बेसचा क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) काढून परिरक्षकांचे पीक (आलेखातील उंचवटे) औषधाच्या पीकपासून स्वच्छ वेगळे आहेत याची खात्री करावी, आणि त्याच बेसमध्ये 80, 100 व 120 टक्के पातळीवर औषध मिसळून ते पुरेपूर परत मिळते का, हे तपासावे. थिजलेल्या बेसमध्ये औषध अडकून राहत असेल, तर ते नेमके या चाचणीत कळते.