निळा मॉर्फो जंगलात कसा पाहावा

कोस्टा रिकाच्या सखल वर्षावनात निळा मॉर्फो हे फुलपाखरू पाहायला जाणाऱ्याने फुलांवर नजर ठेवण्याची सवय आधी बाजूला सारावी. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले ब्ल्यू मॉर्मन जास्वंदीच्या फुलावर सहज भेटते. मॉर्फोचे पोट मात्र सडक्या फळांचा रस, झाडांच्या खोडांतून पाझरणारा द्रव आणि ओला चिखल यांवर भरते, त्यामुळे मध शोषताना त्याला टिपण्याची आशा धरू नये.

सकाळी पावसाची उघडीप असताना, ऊन फांद्यांतून खाली झिरपू लागले की ओढ्याकाठची किंवा रुंद पायवाटेची मोकळी जागा निवडून तेथेच थांबावे. नर अशाच वाटांवरून घिरट्या घालतात. पंखांचा विस्तार 12 ते 15 सेंटीमीटर असूनही उडता मॉर्फो नजरेत राहत नाही, कारण पंख खाली गेले की निळा लखलखाट होतो आणि वर उठले की खालची तपकिरी बाजू समोर येऊन तो झाडीत विरून जातो. त्याच्या मागे धावणे व्यर्थ आहे. घसरून पडण्यापलीकडे त्यातून काही हाती लागत नाही.

बसलेला मॉर्फो शोधायचा असेल तर निळा रंग विसरावा. तो पंख मिटून बसतो, आणि मग दिसतात ती तपकिरी पार्श्वभूमीवरची पिवळ्या कड्यांची डोळ्यांसारखी वर्तुळे. गळून पडलेल्या, आंबलेल्या फळांभोवतीची जमीन म्हणूनच बारकाईने न्याहाळावी. खाण्यात गुंतलेल्या मॉर्फोच्या अगदी जवळ जाता येते. सोंड गरात रुतलेली स्पष्ट दिसते. संरक्षित क्षेत्रात स्वतः आमिष ठेवू नये.

उडत्या मॉर्फोच्या छायाचित्रासाठी शटरचा वेग सेकंदाचा 1/2000 वा भाग किंवा त्याहून जलद ठेवावा, फोकस वाटेवरच्या एखाद्या ठरावीक अंतरावर आधीच लावावा आणि सलग चित्रे घ्यावीत. त्याच्या पंखांत निळे रंगद्रव्य नसते. खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म, थरांच्या कंगोऱ्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश निळा दिसतो, म्हणून कोन बदलला की छटाही बदलते. पुलावर किंवा उंच काठावर उभे राहून, ऊन पाठीशी घेऊन खाली लेन्स रोखली तर उघड्या पंखांची निळाई मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.