गरोदरपणातला मधुमेह आणि त्यानंतरची वर्षं: या चुका टाळा

प्रसूती होते, वार पडते आणि एक-दोन दिवसांत शुगर जाग्यावर येते. इन्सुलिन सुरू असेल तर ते थांबतं. डिस्चार्ज कार्डावर शेवटी कुठेतरी ‘सहा आठवड्यांनी शुगर तपासणे’ अशी ओळ असते आणि फार वेळा ती तिथेच राहून जाते. बाळाची लस चुकत नाही, आईची तपासणी चुकते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाईप २ मधुमेह होण्याची शक्यता इतर मातांपेक्षा कितीतरी जास्त असते. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात ती सुमारे सात पट निघाली, तर २०२० साली ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात जवळजवळ दहा पट. हा धोका वेळीच ओळखता येतो आणि बराच कमीही करता येतो. म्हणूनच पुढच्या चुकांचं वाईट वाटतं, कारण त्यातली एकही टाळायला अवघड नाही.

‘बाळ झालं, मधुमेह गेला’ असं धरून चालणं

वारेतून स्रवणारी हार्मोन्स आईच्या शरीरावरचा इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. दिवस भरत येतात तसा हा विरोध वाढत जातो आणि स्वादुपिंडाला नेहमीच्या दुपटीहून जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं. बहुतेकींचं स्वादुपिंड ते करतं. ज्यांचं कमी पडतं त्यांची शुगर वाढते. वार पडल्यावर तो जादा भार उतरतो, पण स्वादुपिंडाची मुळातली कमी ताकद तशीच राहते. पुढे वजन वाढलं, वय वाढलं, हालचाल कमी झाली की तीच उणीव पुन्हा उघडी पडते.

गरोदरपणातल्या मधुमेहाचे सर्वांत आधीचे सर्वमान्य निकष अमेरिकेत ओ’सुलिव्हन आणि महान या दोघांनी १९६४ साली मांडले. कुठल्या आईला पुढे मधुमेह होईल हे ओळखता यावं, या हिशेबाने ते ठरवलेले होते. बाळाच्या वजनाशी आणि प्रसूतीतल्या गुंतागुंतीशी निकष जोडले गेले ते बरंच नंतर. म्हणजे या निदानात आईच्या पुढच्या आयुष्याचा विचार अगदी सुरुवातीपासून होता.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. २४ आठवड्यांच्या आतच निदान झालं असेल, उपाशीपोटीची शुगर जास्त राहिली असेल, इन्सुलिन लागलं असेल, आईवडील किंवा भावंडांना मधुमेह असेल, वजन जास्त असेल, तर तो आणखी वाढतो. पण नुसत्या आहारावर सगळं भागलं म्हणून तपासणी सोडायची, असं नाही.

चुकीची तपासणी करून समाधान मानणं

या टप्प्यावर सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन केलेली जीटीटी (ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट): एक नमुना उपाशीपोटी, दुसरा दोन तासांनी. अमेरिकन मधुमेह संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ती प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांत करायची. तिच्याऐवजी नेहमी जे केलं जातं, त्यात काय निसटतं ते पाहा.

सर्वांत जास्त वापरली जाते ती एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, कारण तिला उपाशी राहावं लागत नाही. पण ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात हे गृहीत धरते. गरोदरपणात पेशी लवकर बदलतात, प्रसूतीत रक्त जातं, मग लोहाच्या गोळ्यांनी नव्या पेशी भराभर तयार होतात. नव्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे आकडा फसवा कमी येतो. उलट लोहाची कमतरता तशीच राहिली असेल तर तो फसवा जास्तही येऊ शकतो. पहिल्या तीन महिन्यांत एकट्या एचबीए१सीवर विसंबू नये.

नुसती उपाशीपोटीची शुगर थोडी बरी, पण अपुरी. समजा रिपोर्टमध्ये उपाशीपोटी ९४ आणि दोन तासांनी १६८ आहे. पहिला आकडा निर्दोष आहे, दुसरा मधुमेहपूर्व अवस्था (नॉर्मल आणि मधुमेह यांच्या मधली) सांगतो. दुसरा नमुना घेतलाच नसता तर ही स्त्री ‘नॉर्मल’ म्हणून घरी गेली असती. जेवणानंतरची पीपी शुगर जीटीटीची जागा घेऊ शकत नाही, कारण कोण किती जेवलं यावर तो आकडा हलतो. आणि घरचं ग्लुकोमीटर लक्ष ठेवायला उत्तम, निदानासाठी नाही. चांगल्या मीटरलाही १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. खरी १२० असलेली शुगर तो १०२ ते १३८ मध्ये काहीही दाखवू शकतो.

जीटीटी होत असेल तर उत्तमच. ती काही केल्या जमत नसेल, बाळ फार लहान असेल, सोबत कोणी नसेल, तर काहीच न करण्यापेक्षा उपाशीपोटीची शुगर नक्की करावी आणि तीन महिन्यांनंतर तिला एचबीए१सीची जोड द्यावी. ब्रिटनमधल्या शिफारशी याच वाटेने जातात: ६ ते १३ आठवड्यांत उपाशीपोटीची शुगर, तोवर झाली नाही तर १३ आठवड्यांनंतर उपाशीपोटीची किंवा एचबीए१सी.

जीटीटी चुकीच्या पद्धतीने करणं

इथे बारकाव्यांना किंमत आहे, कारण चूक झाली तरी रिपोर्टवर आकडा छापून येतोच आणि तो खरा वाटतो.

सर्वांत नकळत होणारी चूक तीन दिवस आधीपासूनची. अनेकजणी गरोदरपणातलं पथ्य प्रसूतीनंतरही कडक पाळत असतात आणि पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केलेले असतात. शरीराला ग्लुकोजची सवय सुटते. मग अचानक ७५ ग्रॅम पोटात गेल्यावर दोन तासांची शुगर खोटी वाढलेली दिसते. म्हणून आधीचे तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असा नेहमीचा आहार घ्यावा. हे १५० ग्रॅम पदार्थाचं वजन नव्हे, पदार्थातल्या कर्बोदकांचं.

आदल्या रात्रीपासून ८ ते १४ तास उपाशी राहायचं. साधं पाणी चालतं. चहा-कॉफी चालत नाही, बिनसाखरेचीही नाही. सकाळीच जावं, कारण दुपारी केलेल्या चाचणीत तेच शरीर वेगळा आकडा देतं. ताप किंवा संसर्ग असेल तर बरं होईपर्यंत थांबावं. स्टेरॉईड चालू असतील तर चाचणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

ग्लुकोज किती, हा प्रश्न लॅबमध्ये बिनधास्त विचारा. ७५ ग्रॅम हे वजन पाण्याचा अंश नसलेल्या ग्लुकोजचं आहे. पावडर मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा अंश असलेली, असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. चमच्याने अंदाजे घेतलेली किंवा स्वादाची, साखर मिसळलेली पावडर चालत नाही. ती २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवून ५ मिनिटांत प्यायची. पहिला घोट घेतला ती वेळ लिहून ठेवा आणि दोन तास तिथून मोजा. ग्लास संपल्यापासून नाही, घरी जाऊन आल्यापासून तर नाहीच.

त्या दोन तासांत बसून राहायचं. जिना चढउतार केली, बाजारात चक्कर मारली तर स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खाली येतो. उलटी झाली तर चाचणी बाद. उरलेला नमुना देऊन वेळ निभावू नये, दुसऱ्या दिवसासाठी वेळ घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईने निघण्याआधी बाळाला पाजून घ्यावं. मधे पाजावं लागलं तर पाजावंच, फक्त बसून. त्याने आकडा किंचित खाली येऊ शकतो, म्हणून तसं सांगून ठेवावं.

शेवटची गोष्ट नळीची. रक्तातल्या पेशी काढलेल्या नमुन्यातलीही साखर वापरत राहतात, ताशी साधारण ५ ते ७ टक्के. करड्या टोपणाच्या नळीत फ्लुओराईड असतं ते यासाठीच, पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन तास लागतात. म्हणून घरून नमुना नेऊन तो तासन्‌तास फिरवणाऱ्या सेवेपेक्षा, जिथे रक्त काढतात तिथेच लगेच पेशी वेगळ्या करणारी लॅब बरी.

रिपोर्टला चुकीची फुटपट्टी लावणं

गरोदरपणात ७५ ग्रॅमच्या चाचणीचे निकष कडक असतात: उपाशीपोटी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम (दर डेसिलिटर रक्तात). तीनपैकी एक जरी गाठला किंवा ओलांडला तरी निदान होतं. (काही देशांत निकष थोडे वेगळे आहेत.) हेच आकडे डोक्यात ठेवून नंतरचा रिपोर्ट वाचला की गोंधळ होतो. उपाशीपोटी ९६ पाहून कुणी घाबरतं, तर दोन तासांचे १५० पाहून कुणी निर्धास्त होतं. प्रसूतीनंतर उलटं आहे: पहिला आकडा ठीक, दुसरा नाही.

प्रसूतीनंतरचा हिशेब असा. उपाशीपोटी १०० च्या खाली आणि दोन तासांनी १४० च्या खाली म्हणजे नॉर्मल. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील आणि एकच आकडा वर असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात.

एकदा नॉर्मल आलं की विषय बंद करणं

नॉर्मल रिपोर्ट त्या दिवसापुरता खरा असतो. धोका सर्वांत वेगाने वाढतो तो प्रसूतीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत, म्हणजे आईला स्वतःकडे पाहायला सर्वांत कमी वेळ असतो त्याच काळात. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार दर १ ते ३ वर्षांनी, ब्रिटनमध्ये दरवर्षी तपासणी सांगतात. आमचा सल्ला दरवर्षीचा, कारण ‘तीन वर्षांतून एकदा’ कुणाच्याच लक्षात राहत नाही. बाळाच्या वाढदिवसाचा महिना धरला की विसर पडत नाही. ही तपासणी आयुष्यभराची आहे. त्याच फेरीत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल पाहून घ्यावं. या मातांना हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो.

लक्षणांची वाट पाहणं तर अगदीच धोक्याचं. थकवा, रात्री उठावं लागणं, सारखी तहान हे सगळं तान्ह्या बाळाच्या आईला तसंही असतंच. शिवाय सुरुवातीची वर्षं शुगर काहीही न जाणवू देता वाढते.

दुसरी अडचण फाईलची. प्रसूतीचे कागद स्त्रीरोगतज्ज्ञाकडे राहतात आणि चार वर्षांनी ज्या डॉक्टरांकडे जाता त्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून कुठल्याही डॉक्टरांना पूर्वीचे आजार सांगताना ‘गरोदरपणात शुगर होती, अमुक साली, इन्सुलिन लागलं होतं की नाही’ एवढं आपणहून सांगावं. गरोदरपणातल्या जीटीटीच्या रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये कायमचा ठेवावा.

मधुमेहपूर्व अवस्थेला ‘अजून झाला नाही’ म्हणून सोडून देणं

अडवता येण्याजोगा टप्पा हाच. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या अभ्यासात गरोदरपणात मधुमेह होऊन गेलेल्या आणि आता मधुमेहपूर्व अवस्थेत असलेल्या स्त्रियाही होत्या. वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, या लक्ष्याने दहा वर्षांत त्यांच्यातलं मधुमेहाचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी राहिलं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने सुमारे ४० टक्क्यांनी.

७० किलोच्या स्त्रीसाठी ७ टक्के म्हणजे ५ किलोंहून थोडं कमी. आकडा आवाक्यातला आहे, चूक होते ती घाईची. अंगावर पाजताना उपासमार करू नये. सुरुवातीच्या महिन्यांत त्यासाठीच रोज सुमारे ५०० कॅलरी लागतात. महिन्याला एक-दोन किलो पुरे. १५० मिनिटं एकदम मिळत नाहीत, म्हणून दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावे आणि त्यातले काही जेवणानंतर ठेवावे. सिझेरियन झालं असेल तर सुरुवात कधी करायची ते डॉक्टरांना विचारावं. स्तनपानाचाही फायदा दिसतो: जितकं जास्त आणि जितके महिने, तितकं पुढच्या मधुमेहाचं प्रमाण कमी आढळलं आहे. मात्र पाजता आलं नाही म्हणून कुणी स्वतःला दोष देऊ नये, बाकीचे उपाय तेवढेच लागू पडतात. मेटफॉर्मिन दुधात फार कमी उतरतं, तेव्हा ‘पाजतेय म्हणून औषध नको’ असं परस्पर ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

पुढच्या गरोदरपणाआधी न तपासणं

दुसऱ्या वेळी गरोदरपणातला मधुमेह साधारण निम्म्या जणींना पुन्हा होतो. त्याहून गंभीर म्हणजे मधल्या काळात झालेला, माहीत नसलेला मधुमेह. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया असलेली मज्जानलिका गर्भधारणेपासून २८ दिवसांत बंद होते आणि हृदयाची मुख्य घडण आठव्या आठवड्यापर्यंत उरकते. पाळी चुकली, चाचणी केली, डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर यातलं बरंच होऊन गेलेलं असतं. म्हणून शुगर गर्भनिरोधन थांबवण्याआधी तपासावी. फॉलिक ॲसिड निदान एक महिना आधी सुरू करावं. नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम, मधुमेह असेल तर डॉक्टर जास्त देतात. मधुमेह निघालाच तर एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली आणून मग गर्भधारणा, हे उद्दिष्ट. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत शुगर पाहावी, २४ आठवड्यांची वाट पाहू नये.

प्रत्येक वाढलेली शुगर एकाच प्रकारची समजणं

एखादी सडपातळ असते, घरात कुणाला मधुमेह नसतो, तरी प्रसूतीनंतर शुगर उतरत नाही किंवा काही महिन्यांतच भराभर वाढते आणि वजन घटत जातं. तिथे टाईप १ मधुमेहाचा, म्हणजे ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही त्या प्रकाराचा, विचार करावा लागतो. गॅड अँटिबॉडी आणि सी-पेप्टाईड या रक्ततपासण्यांतून त्याचा अंदाज येतो. अशा वेळी पथ्य आणि गोळ्यांवर महिने घालवणं धोक्याचं ठरतं, कारण उपचार इन्सुलिनच असतो. जास्त शुगरबरोबर उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास किंवा गुंगी असेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठावं.