पंपापासून सबस्टेशनपर्यंत: गावाकडच्या वीजजाळ्याचं जीआयएस मॉडेल करायला शिकताना

खांबांचे ठिपके टाकले, रेघांनी जोडले, रंग भरले की वीजजाळ्याचा जीआयएस (संगणकावरचा, माहिती जोडलेला) नकाशा झाला, असं नवख्याला वाटतं. असा नकाशा ऑफिसच्या भिंतीवर शोभतो, कामाला येत नाही. काम देणाऱ्याला हवं असतं ते असं: वावरातल्या एखाद्या पंपावर क्लिक करावं आणि सॉफ्टवेअरने सर्व्हिस वायर (खांबापासून ग्राहकापर्यंतची तार), एलटी म्हणजे कमी दाबाचा खांब, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), ११ केव्हीची टॅपिंग (मुख्य लाइनवरून फांदी निघते ती जागा), फीडर (सबस्टेशनमधून निघणारी मुख्य लाइन) असं उलटं चालत जाऊन ३३/११ केव्ही सबस्टेशनमधला ब्रेकर दाखवावा. मधला एक दुवा जरी सुटला तरी त्यापुढचं सगळं गाव नकाशात अंधारात जातं आणि काम परत येतं.

विदर्भात या कामाला मागणी येण्याची कारणं साधी आहेत. वीज वितरण सुधारण्याच्या २०२१ च्या आरडीएसएस योजनेत फीडर वेगळे करणं आणि मीटर बसवणं आलं. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० मध्ये शेतीचे फीडर सौरऊर्जेवर नेणं सुरू झालं. कुठला पंप कुठल्या फीडरवर, हे नक्की ठाऊक असल्याशिवाय यातलं काहीच नीट होत नाही. आयटीआय वायरमन, इलेक्ट्रिकल डिप्लोमा किंवा भूगोलाची पदवी, यापैकी काहीही असलं तरी हे काम शिकता येतं. मात्र वायरमनला संगणकाची बाजू शिकावी लागते आणि भूगोलवाल्याला लाइन वाचायला. आमच्या मते दुसरं जास्त अवघड.

म्हणून आधी लाइन. खेड्यातल्या सबस्टेशनमधून साधारण दोन जातींचे ११ केव्ही फीडर निघतात: गावठाण आणि शेतीचा, म्हणजे एजी. गावाजवळ दोघे बऱ्याचदा एकाच खांबावरून जातात. पुढे रोहित्रं येतात, २५, ६३, १००, गावात २०० केव्हीएपर्यंत. त्यांच्यापासून एलटी लाइन आणि शेवटी ग्राहक. उच्चदाब वितरण प्रणालीत, म्हणजे एचव्हीडीएसमध्ये, एक-दोन पंपांमागे १०, १६ किंवा २५ केव्हीएचं छोटं रोहित्र असतं, एलटी लाइन जवळजवळ नसतेच. तिथे एलटीचा थर रिकामा राहिला म्हणून घाबरायचं नाही. सर्व्हिस वायर रोहित्राच्या एलटी बाजूलाच जोडायची.

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शिकायला पुरेसं आहे. फाइल जिओपॅकेज या प्रकारात ठेवा. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात आणि देवनागरी मजकुराचे प्रश्नचिन्ह व्हायला वेळ लागत नाही. थर मोजके पुरे: सबस्टेशन, खांब, एचटी (उच्चदाब) स्पॅन म्हणजे दोन खांबांमधला लाइनचा तुकडा, एलटी स्पॅन, रोहित्र, स्विच व फ्यूज, ग्राहक, सर्व्हिस वायर. एचटी आणि एलटी एकाच थरात कोंबू नका, ट्रेस करताना, म्हणजे वीज कुठून येते ते नकाशात मागे शोधताना, दोन्ही व्होल्टेज एकमेकांत मिसळतात.

आता विदर्भाची खास अडचण. यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या, ४३ आणि ४४ झोनची हद्द ७८ अंश रेखांशावर आहे, आणि ती रेघ बरोबर आपल्या मधून जाते. अकोला, वाशिम, अमरावती शहर ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. यवतमाळ शहर ४४ मध्ये, पण त्याच जिल्ह्यातलं पुसद ४३ मध्ये. अमरावती जिल्ह्यातलं वरूड ४४ मध्ये. दोन टोळ्यांनी दोन झोनमध्ये काम केलं आणि एकत्र करताना कुणी झोनचा शिक्का चुकीचा मारला, की यवतमाळची लाइन अरबी समुद्रात आणि अकोल्याची ओडिशात जाऊन पडते. हे निदान लगेच दिसतं तरी. उपाय असा: अख्ख्या जिल्ह्यासाठी एकच झोन ठरवा, थोडा भाग हद्दीपलीकडे गेला तरी चालेल. हद्दीवर लांबीत पडणारा फरक किलोमीटरमागे मीटरभरही नसतो. थराचा कोड ४३ साठी ३२६४३, ४४ साठी ३२६४४. मोबाइलवरून येणारे बिंदू अक्षांश-रेखांशात, म्हणजे ४३२६ मध्ये असतात. त्यांना नुसता नवीन कोड चिकटवायचा नसतो, ‘रीप्रोजेक्ट’ करायचं, म्हणजे आकडेच नव्या पद्धतीत बदलून घ्यायचे असतात. आणि अंशातल्या थरावर टॉलरन्स (किती अंतरातली टोकं एक धरायची ते) १ ठेवून कुठलंही साधन चालवलं तर तो १ मीटर नसून १ अंश, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर होतो. मग तालुक्यातले सगळे खांब एकमेकांना चिकटतात.

सर्वेक्षणाला फेब्रुवारी ते मे हा काळ बरा. तूर-कपाशी निघालेली असते, धुऱ्यावरून चालता येतं, खांब लांबून दिसतो. पावसाळ्यात काळ्या जमिनीत आणि पांदण रस्त्यात पाय रुततो, दिवसाला निम्मंही काम होत नाही. उपग्रह चित्रावर सिमेंटचा खांब सहसा दिसत नाही, त्याची सावली दिसते, म्हणून उन्हाळ्यातलं, मोकळ्या वावराचं चित्र निवडा. वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागांत तेही चालत नाही, तिथे चालणं हाच मार्ग.

सुरुवात नेहमी सबस्टेशनपासून. ऑपरेटरकडून सिंगल लाइन डायग्राम (जोडणीचा साधा आराखडा) पाहून घ्या, फीडरची नावं आणि कोड लिहा, मग मुख्य लाइन, मग फांद्या, मग रोहित्रं, सगळ्यात शेवटी एलटी. गावातून उलटं निघालं की कुठली लाइन कुठल्या फीडरची, हे अंदाजावर जातं. सोबत त्या भागाचा लाइनमन असला पाहिजे. गेल्या पावसाळ्यात कुठला जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) बदलून कुठला भार कुणावर टाकला, हे कागदावर नसतं, त्याच्या डोक्यात असतं.

मोबाइलवर क्यूफील्ड हे अ‍ॅप वापरा, फॉर्ममध्ये निवडीच्या याद्या आधीच भरून ठेवा. ‘पीएससी ८ मीटर’, ‘पी.एस.सी. ८मी’, ‘सिमेंट’ असे एकाच खांबाचे तीन प्रकार एकदा आत शिरले की निस्तरताना नाकी नऊ येतात. मोकळ्या रानात मोबाइलच्या जीपीएसची चूक ३ ते ५ मीटर, झाडाखाली त्याहून जास्त. डबल पोलचे दोन खांब मात्र एकमेकांपासून जेमतेम अडीच मीटरवर असतात. त्यामुळे ते दोन बिंदू म्हणून टिपण्यात अर्थ नाही. एक बिंदू घ्या आणि रचनेच्या रकान्यात ‘डबल पोल’ लिहा. लाइनखाली अ‍ॅल्युमिनिअमची काठी किंवा स्टीलचा टेप उघडू नका. रोहित्राच्या अर्थिंगच्या पट्टीला आणि ताणाच्या तारेला हात लावायचा नाही, लाइन बंद आहे असं कुणी सांगितलं तरी.

एक टॅपिंगचा खांब जवळून पाहू. वर एजी फीडरच्या तीन तारा, खाली गावठाण फीडरच्या तीन. एजीवरून डावीकडे रोहित्राची फांदी निघते, फांदीच्या पहिल्या खांबावर एबी स्विच (लाइन तोडता-जोडता येणारा). इथे खांब एकच बिंदू. त्यावरून एजीचे येणारे आणि जाणारे दोन स्पॅन, गावठाणचे दोन, फांदीचा एक, असे पाच स्पॅन त्याच जागी येऊन मिळतात. गोची इथेच होते. सॉफ्टवेअरला एका जागी टेकलेली पाचही टोकं जोडलेली वाटतात आणि दोन फीडर एक होतात. म्हणून प्रत्येक स्पॅनवर फीडर कोड असलाच पाहिजे आणि ट्रेस त्या कोडने बांधलेला पाहिजे. किंवा खालच्या फीडरची रेघ अर्धा मीटर बाजूला काढून तिला स्वतःचे जोडबिंदू द्या. फांदीची रेघ एबी स्विचवर तोडून तिथे स्विचचा बिंदू ठेवा. स्विचला दोन रकाने: नेहमीची स्थिती आणि आजची स्थिती. दोन फीडरांमधला टाय-स्विच नेहमी उघडा, म्हणजे तोडलेला असतो. तो चुकून ‘बंद’ (क्लोज्ड, म्हणजे जोडलेला) नोंदला गेला तर ट्रेस एका सबस्टेशनमधून निघून शेजारच्या सबस्टेशनात पोचतो. असं झालं की बाकी काही तपासण्याआधी टाय-स्विच बघा.

रेघ काढताना स्नॅपिंग (टोक आपोआप चिकटणं) खांबाच्या ‘व्हर्टेक्स’वर, म्हणजे नेमक्या बिंदूवर ठेवा, ‘सेगमेंट’वर, म्हणजे दोन बिंदूंमधल्या रेघेवर नको. रेघेच्या मध्येच टेकवलेली फांदी डोळ्यांना जोडलेली दिसते, पण तिथे व्हर्टेक्स नसेल तर क्यूजीआयएसच्या नेटवर्क साधनांना ती तुटलेलीच. ‘टोपोलॉजिकल एडिटिंग’ सुरू ठेवा आणि खांब ते खांब एक स्पॅन, हा नियम पाळा. ४० किलोमीटरच्या फीडरला साठ-सत्तर मीटरच्या गाळ्याने सहाशेच्या आसपास स्पॅन होतात. कंटाळवाणं आहे, पण पुढे खांब बदलला, तार बदलली, तर तेवढाच तुकडा बदलता येतो. उलट ३३ केव्हीची लाइन ११ केव्हीवरून नुसती ओलांडून जाते तिथे व्हर्टेक्स अजिबात घालू नका.

खांबावरचा ४५/३ सारखा क्रमांक, म्हणजे मुख्य लाइनच्या ४५ व्या खांबावरून निघालेल्या फांदीचा तिसरा, माणसांसाठी ठेवा. मॉडेलची ओळख त्यावर बांधू नका. मध्ये एक खांब वाढला की ४५अ येतो आणि पुढची साखळी बिघडते. सॉफ्टवेअरने दिलेला आपोआप येणारा आयडी वेगळा ठेवा. रोहित्राचंही तसंच. रंगवलेला कोड त्या जागेचा असतो, सिरियल नंबर यंत्राचा. रोहित्र जळालं की यंत्र बदलतं, जागा आणि तिच्यावरचे ग्राहक तेच राहतात. दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं तर हंगामात चार रोहित्रं बदलल्यावर नकाशा निरुपयोगी होतो.

तारेचा प्रकार हा सगळ्यात दुर्लक्षित रकाना. विझल आणि रॅबिट या तारेच्या दोन जाती, दोन्हीत सहा अ‍ॅल्युमिनिअमच्या आणि एक पोलादी तार, जाडी सुमारे ७.८ आणि १० मिलिमीटर. खालून बघून ओळखणं अवघड. रोध मात्र किलोमीटरला ०.९३ आणि ०.५५ ओहम. ६०० मीटरच्या एलटी लाइनच्या टोकाला ५ एचपीचे पाच पंप, प्रत्येकी आठेक अँपिअर, म्हणजे ४० अँपिअर धरा. पॉवर फॅक्टर ०.८ धरून विझलवर सुमारे ४० व्होल्ट पडतात, रॅबिटवर २७. ४१५ व्होल्टवर सहा टक्क्यांची मर्यादा २५ व्होल्टची. नकाशात रॅबिट लिहिलं तर ‘थोडं जास्त, चालवून घेऊ’ असं उत्तर येतं. प्रत्यक्षात विझल असेल तर टोकाच्या शेतकऱ्याची मोटर गरम होऊन जळते. खात्री नसेल तर तसंच लिहा: ‘माहितीचा आधार’ असा रकाना करून त्यात पाहिलं, कागदावरून किंवा अंदाज यापैकी एक निवडा.

रोहित्राच्या क्षमतेचीही अशीच पडताळणी होते. ६३ केव्हीएचा ४३३ व्होल्टवरचा पूर्ण भार ८४ अँपिअर, म्हणजे ५ एचपीचे दहाएक पंप. तुमच्या मॉडेलमध्ये त्यावर बावीस पंप दिसत असतील तर रोहित्र खरंच ओव्हरलोड आहे किंवा शेजारच्या रोहित्राचे पंप चुकून इकडे जोडलेत. दोन्ही शक्य आहे, जाऊन बघा. ग्राहक जोडताना बिलावरच्या पत्त्यावर विसंबू नका, तारेमागे चाला. शेती एका शिवारात, बिल दुसऱ्या गावाच्या पत्त्यावर, हे नेहमीचं. चुकीच्या जोडणीची खूण ऊर्जा हिशेबात दिसते: एका रोहित्राची गळती उणे येते, शेजारच्याची साठ-सत्तर टक्के. चोरी शोधायला निघण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

काम सोपवण्याआधी टोपोलॉजी चेकरमध्ये लोंबती टोकं आणि दुहेरी रेघा शोधा. लाइनच्या शेवटच्या खांबावरचं टोक लोंबतं असणारच, तेवढी सोडा, बाकी प्रत्येक बघा. मग सबस्टेशनच्या बिंदूपासून ‘सर्व्हिस एरिया’ (जाळ्यातून कुठवर पोचता येतं ते दाखवणारं साधन) चालवा, अंतर फीडरच्या लांबीपेक्षा बरंच जास्त द्या. जे स्पॅन रंगले नाहीत ते तुटलेले. हे साधन स्विचची स्थिती ओळखत नाही, म्हणून उघड्या स्विचपाशी रेघेत छोटी फट ठेवून चालवा. पोस्टजीआयएस आणि पीजीराउटिंग (डेटाबेसमध्ये नकाशा आणि जाळं हाताळणारी साधनं) येत असतील तर हीच तपासणी अख्ख्या उपविभागावर एका क्वेरीत होते, आणि भारप्रवाहाच्या हिशेबासाठी तेच मॉडेल ओपनडीएसएसमध्ये नेता येतं.

नोकरीसाठी नमुना दाखवायचा तर खऱ्या फीडरचा डेटा परवानगीशिवाय नेऊ नका. एका कल्पित गावाचं छोटं मॉडेल बनवा: एक सबस्टेशन, दोन फीडर, सहा रोहित्रं, एक टाय-स्विच, शंभरेक ग्राहक. समोरच्याने टाय-स्विचची स्थिती बदलायला सांगितली की कुठली रोहित्रं कुठल्या फीडरवर गेली हे तिथल्या तिथे दाखवता आलं पाहिजे.