सिंथ ॲप रेकॉर्ड करताना या चुका टाळा: वाजलं म्हणजे उतरलं असं नाही

आयपॅडवर एखादं सिंथ ॲप (नवेनवे आवाज घडवून वाजवायचं) उघडायचं, चार बटणं पिळायची, काहीतरी झकास सापडायचं आणि मग ते गॅरेजबँड किंवा क्युबेसिस अशा रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये घेताना डोकं धरून बसायचं. एकांकिकांचा मोसम आला की दर आठवड्याला एक तरी मुलगा हे रडगाणं घेऊन माझ्याकडे येतो. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दादा, वाजवताना बरोबर होतं." वाजवताना बरोबरच असतं रे. फाइलमध्ये काय उतरलंय ते बघितलंस का, एवढंच मी विचारतो. उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं, कारण तोवर साहेब पुढच्या ट्रॅकवर गेलेले असतात.

सॅम्पल रेट न बघणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच. सॅम्पल रेट म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाचे किती हजार नमुने घेतले जातात तो आकडा. गॅरेजबँड ४४.१ किलोहर्ट्झवर काम करतं. आयफोन ६एस आणि त्यानंतरच्या बऱ्याच उपकरणांचा स्पीकर मात्र ४८ वर चालतो. हेडफोन लावला, काढला, मध्येच ऑडिओ इंटरफेस जोडला, की आतला रेट बदलू शकतो. चांगली ॲपं हा फरक स्वतः सांभाळून घेतात. जुनी, अर्धवट सोडून दिलेली ॲपं घेत नाहीत.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका मुलाने एकांकिकेसाठी सिंथवर छान गंभीर पॅड (मागे लांब धरलेले सूर) केला होता, काळी दोनमध्ये. त्यावर रंगमंचावर पेटी आणि गाणं प्रत्यक्ष होणार होतं. तालमीला पेटीवाल्या काकांनी काळी दोन धरली. जुळेना. पांढरी दोन धरली, तरी पॅड खालीच. काळी एक धरली, तर पॅड वर. काका शांत माणूस, पण त्यांनी भाता सोडला आणि म्हणाले, "बाळा, तुझा सा कुठल्याच पट्टीत नाही." मुलगा म्हणाला, आयपॅडचं ट्यूनिंग गेलंय. आयपॅडचं ट्यूनिंग!

झालं होतं असं: स्पीकरवर ऐकत त्याने ४८ वर रेकॉर्ड केलं आणि त्याच्या त्या रेकॉर्डिंगच्या ॲपने ती फाइल ४४.१ ची समजून वाजवली. असं झालं की सूर जवळजवळ दीड पट्टीने उतरतो. काळी दोनवरून दीड पट्टी खाली म्हणजे पांढरी दोन आणि काळी एकच्या बरोब्बर मध्ये. तिथे पेटीला पट्टीच नसते! शिवाय लांबीही वाढते. एक मिनिटाचा पॅड पासष्ट सेकंदांचा झाला होता, त्यामुळे प्रकाशयोजनेवाल्याचाही क्यू चुकत होता. तो बिचारा चार दिवस आपलाच घोटाळा समजत होता.

आणि या पठ्ठ्याने काय केलं असेल? पिचचा स्लायडर कानाने वर ढकलला. सूर आला कसाबसा, पण पॅड असा डुगडुगायला लागला, जसा काही पाण्याखालून वाजतोय. दहा मिनिटांत पुन्हा रेकॉर्ड झालं असतं. पण पुन्हा करायचं म्हटलं की यांच्या जिवावर येतं.

माझी सवय सांगतो. रेकॉर्डिंगचं ॲप आणि सिंथ, दोन्हीकडे रेट बघायचा. हेडफोन, इंटरफेस जे काही लावायचं ते आधीच लावायचं आणि मग काढायचं नाही. त्यानंतर दहा सेकंद नुसता सा धरून रेकॉर्ड करायचा आणि ट्यूनरला लावून ऐकायचा. लोक हसतात. हसू देत.

मिडीला रेकॉर्डिंग समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा हळू बोलतो. सिंथ एयूव्ही३ म्हणून, म्हणजे प्लगइनसारखा, गॅरेजबँडच्या आत उघडला आणि लाल बटण दाबून वाजवलं, तर ट्रॅकमध्ये आवाज जमा होत नाही. कुठला सूर कधी दाबला, किती जोरात आणि किती वेळ, एवढी टिपणं जमा होतात, तीच मिडी. दर वेळी ती टिपणं बघून सिंथ नव्याने वाजवत असतो. म्हणजे सिंथ आहे तोवर गाणं आहे.

माझा आयपॅड ३२ जीबीचा होता आणि कायम भरलेला. एका रात्री जागा करायला म्हणून तीन ॲपं उडवली. त्यातल्या एकात मी स्वतः बनवलेला एक तारेसारखा घासणारा आवाज होता आणि त्याचा प्रीसेट, म्हणजे बटणांची जमवलेली मांडणी, ॲपच्या पोटातच साठवलेला. तीन महिन्यांनी नाटक पुढच्या फेरीत गेलं, दिग्दर्शकाला शेवटच्या प्रवेशाचं संगीत थोडं लांबवून हवं होतं. प्रोजेक्ट उघडलं. टिपणं सगळी जागच्या जागी, आवाज शून्य. ॲप परत घेतलं, प्रीसेट गेलेला. रात्रभर फिल्टरचं बटण फिरवत बसलो, जवळ आलो, पण तो आवाज नाही तो नाहीच. दिग्दर्शक म्हणाली, "हेही चांगलं आहे." ती सभ्य बाई आहे.

आणि ॲप आपणच उडवायला हवं असं काही नाही. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटची सगळी जुनी ॲपं एका फटक्यात बंद झाली, त्यात सिंथही गेले. एका ॲपचा आवाज दुसऱ्यात नेणारी २०१३ ची इंटर-ॲप ऑडिओची सोय ॲपलने २०१९ मध्ये जुनी ठरवली. तेव्हा आज चालतंय यावर विसंबू नका. क्युबेसिसमध्ये ट्रॅक फ्रीझ करता येतो, म्हणजे टिपणांचा ऑडिओ करून ठेवता येतो. गॅरेजबँडमध्ये मी बाकीचे ट्रॅक म्यूट करतो, हा एकटा वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढतो आणि तीच फाइल परत आत आणतो. एयूएम हे मिक्सरचं ॲप वापरत असाल तर त्या चॅनेलचं रेकॉर्ड बटण दाबा, ऑडिओच तयार होतो. मिडीचा ट्रॅक पुसत नाही, तो म्यूट करून खाली ढकलतो. आणि हे त्याच रात्री करतो. "उद्या करू" म्हणणाऱ्यांची मला माहिती आहे, मी त्यांच्यातलाच.

एक कीबोर्ड, दोन वाटा

आवाज अचानक पोकळ, नाकातून आल्यासारखा वाटतोय? मिडी कीबोर्ड सिंथला थेट पोचतोय आणि रेकॉर्डिंगच्या ॲपमार्फतही पोचतोय. प्रत्येक सूर दोनदा वाजतो, काही मिलिसेकंदांच्या अंतराने. एका वेळी आठच सूर वाजवू शकणारा सिंथ असेल तर चार सुरांतच त्याचा जीव जातो. सिंथच्या मिडी सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डची थेट वाट बंद करा. एका मुलीने याला "जाड आवाज" समजून पूर्ण गाणं केलं होतं. नंतर सुधारलेलं तिला पातळ वाटायला लागलं, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

बाकीच्या, भराभर

गॅरेजबँडमध्ये नवीन प्रोजेक्टचा सेक्शन ८ बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) असतो आणि लय मिनिटाला ११० मात्रांची. म्हणजे साडेसतरा सेकंद. पुढचं वाजवत राहिलात तरी ते घेतलं जात नाही. सेक्शन ऑटोमॅटिकवर टाका आणि लयही आधीच ठरवा.

ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका. आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो आणि १२० च्या लयीत एका मात्रेचा पाव भागच १२५ मिलिसेकंदांचा असतो. तुम्ही बेताल नसता, हेडफोन असतो. वायरचा घ्या.

बफर, म्हणजे ॲप एका दमात किती नमुने तयार करतं तो आकडा, वाजवताना २५६ ठेवा, म्हणजे साधारण सहा मिलिसेकंदांचा उशीर. जड सिंथ ऑडिओत उतरवताना १०२४. कडकड ऐकू आली आणि "नंतर काढू" म्हणालात, तर ती गाण्याबरोबर राहते.

प्रीसेट बनवणारे लोक तुम्हाला भुलवायला भरपूर रिव्हर्ब (घुमारा) ओतून ठेवतात. तो बंद करून रेकॉर्ड करा, नंतर घालता येतो. उतरलेला मात्र काढता येत नाही. तोच प्रीसेट आवाजालाही मोठा असतो, मीटरची उडी उणे सहा डेसिबलच्या आत ठेवा.

शेवटचा सूर सोडल्यावर लगेच थांबवू नका. दोन बार हात मांडीवर.

ॲपांना एकमेकांशी जोडणारी एबलटन लिंक चालू केली म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालं असं होत नाही. ती फक्त लय जुळवते.

आयपॅडच्या स्पीकरसमोर दुसरा फोन धरून रेकॉर्ड करणाऱ्यांना मी काही सांगत नाही. पंख्याचा आवाज छान येतो त्यात.

आणि फ्लाइट मोड. माझा एक बरा जमलेला टेक २ मिनिटं १० सेकंदांचा होणार होता. १ मिनिट ५० ला तो तुटतो. त्या क्षणी गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला होता, तो खाली उभा होता आणि त्याला सुटे हवे होते.