ॲपमध्ये ग्रह दिसतो, आकाशात सापडत नाही : या चुका टाळा

स्टेलॅरियमसारख्या संगणकीय तारांगणात शनी ठळकपणे दाखवलेला असतो आणि गच्चीवर जाऊन त्या दिशेला पाहिले तर तिथे काहीच नसते, असा अनुभव नव्याने आकाश पाहू लागलेल्या बहुतेकांना येतो. अशा वेळी साधनाला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे की, या साधनांचे ग्रहगणित नुसत्या डोळ्यांच्या निरीक्षणाला लागते त्याहून कितीतरी अधिक अचूक असते. चूक बहुधा आपण दिलेल्या माहितीत असते, किंवा मिळालेल्या उत्तराचा अर्थ लावण्यात.

प्रथम स्थळ आणि वेळ तपासावी. संकेतस्थळे पुष्कळदा इंटरनेट जोडणीवरून ठिकाणाचा अंदाज बांधतात आणि नागपूरच्या माणसालाही मुंबईचे आकाश दाखवतात. या दोन शहरांच्या रेखांशांत सुमारे सहा अंशांचे अंतर असल्यामुळे नागपुरात ग्रह साधारण २५ मिनिटे आधी मावळतात, आणि क्षितिजालगतचा बुध हुकायला तेवढा फरक पुरेसा आहे. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची, ग्रहांची स्थाने देणारी होरायझन्स ही सेवा वापरणाऱ्यांनी तिची कोष्टके मुळात जागतिक (ग्रीनिचच्या) वेळेत असतात हे विसरू नये. त्या वेळेत साडेपाच तास मिळवताना तारीखही बदलू शकते : तिथली ९ तारखेची २० वाजताची नोंद म्हणजे आपल्याकडे १० तारीख लागल्यानंतरचा रात्रीचा दीड. स्टेलॅरियमच्या संगणकावरील आवृत्तीत काळ पुढेमागे नेऊन झाला असेल, तर ८ ही कळ सध्याची वेळ आणते आणि के ही कळ काळाचा वेग पूर्ववत करते.

मोबाइल आकाशाकडे धरून ग्रह शोधताना सगळी भिस्त फोनमधील होकायंत्रावर असते. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाइतकाही फरक नाही, त्यामुळे ती दुरुस्ती शोधत बसू नये. खरा अडथळा लोखंडाचा असतो. खिडकीच्या ग्रिलला टेकून मी बराच वेळ गुरूच्या जागी रिकामे आकाश न्याहाळले होते आणि ग्रिलपासून चार पावले मागे येताच बाण योग्य दिशेला वळला होता. चुंबक असलेले कव्हर काढावे, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात काही वेळा फिरवावा आणि नंतर तो चंद्राकडे धरून पाहावा. पडद्यावरचा चंद्र खऱ्या चंद्रावर बसला नाही, तर त्या फोनने दाखवलेली ग्रहाची दिशाही ग्राह्य धरू नये.

सर्वांत जास्त निराशा मात्र ‘आहे’ आणि ‘दिसेल’ यांतला भेद न केल्यामुळे होते. २८ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी सात ग्रह एका रांगेत दिसणार, अशा बातम्या सर्वत्र फिरत होत्या. प्रत्यक्षात शुक्र, गुरू आणि मंगळ सहज दिसण्यासारखे होते. बुध अगदी खाली होता, शनी सूर्याजवळच्या संधिप्रकाशात बुडाला होता आणि युरेनस व नेपच्यूनसाठी द्विनेत्री (बायनॉक्युलर) किंवा दुर्बीण आवश्यक होती. ॲपमध्ये मात्र सातही नावे तितक्याच ठळकपणे लिहिलेली असतात. म्हणून ग्रहाच्या नावावर टिचकी मारून त्याची क्षितिजापासूनची उंची आणि प्रत (तेजस्वितेचे माप) हे दोन आकडे अवश्य पाहावेत. उंची दहा अंशांहून कमी, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी असेल, तर शहरात तो इमारतींआड किंवा धुरकटात जातो. प्रतीचा आकडा जितका लहान तितका ग्रह तेजस्वी : शुक्र उणे चारच्या आसपास असतो, नेपच्यून जवळजवळ आठ. स्टेलॅरियममध्ये वातावरण (ए) आणि जमीन (जी) चालू ठेवली, तर दिवसाचे किंवा क्षितिजाखालचे ग्रह आपोआप झाकले जातात.

पंचांग शेजारी ठेवणाऱ्यांचा वेगळा गोंधळ होतो. पंचांगातील ‘गुरूचा अस्त’ म्हणजे रोजचे मावळणे नव्हे, तर गुरू सूर्यासन्न झाल्यामुळे काही आठवडे न दिसणे. ॲपमधील मावळण्याची वेळ ही निराळी गोष्ट आहे. पंचांगातील रास हा तीस अंशांचा समान भाग असतो, तर ॲपमधील तारकासमूहांच्या सीमा असमान आहेत. त्यामुळे पंचांगानुसार नुकताच मेषेत शिरलेला ग्रह ॲपमध्ये अजून मीन तारकासमूहात असतो, आणि दोन्ही नोंदी आपापल्या पद्धतीने बरोबर असतात.

लालसर ठिपका दिसला की तो मंगळ, असेही मानू नये, कारण रोहिणी आणि ज्येष्ठा हे दोन्ही तांबूस तारे ग्रहांच्या वाटेलगतच आहेत. गुरूची खात्री मात्र साध्या द्विनेत्रीतून होते : ती स्थिर धरल्यास त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चारपर्यंत बारीक ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, दिसतात. द्विनेत्री घेऊन बुध शोधायचा असेल, तर संध्याकाळी सूर्य पूर्ण मावळल्यावरच ती डोळ्यांना लावावी आणि पहाटे सूर्योदयाच्या पुरेशी आधी खाली ठेवावी. भिंगांतून क्षणभर सूर्य दिसला तरी दृष्टी कायमची अधू होऊ शकते.