जपानमध्ये हातमागावर बसणार असाल तर या चुका टाळा

टोकियोत राहते म्हटल्यावर पाहुणे येणारच, आणि हल्ली सगळ्यांनाच मंदिरं सोडून 'काहीतरी वेगळं' हवं असतं. मग मी त्यांना हातमागावर विणून बघायला युकीला नेते, इबाराकीतलं युकी-त्सुमुगी रेशमाचं गाव. आठ-नऊ वेळा झालं, दर वेळी त्याच चुका, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे बाणा, म्हणजे आडवा दोरा, खेचणं. धोटा (हा आडवा दोरा वाहून नेतो तो) पलीकडे गेला रे गेला की लोक दोरा असा ओढतात जशी परकराची नाडी आवळतायत. काठ सरळ यावा म्हणून हा सगळा खटाटोप, आणि होतं नेमकं उलटं, कापड मधे आत जातं, कडेचे ताण्याचे, म्हणजे उभे, दोरे फणीवर (मागाच्या कंगव्यासारख्या पट्टीवर) घासतात आणि तुटतात. मागे माझा मावसभाऊ आला होता, त्याला तीनदा सांगितलं तर म्हणे "अगं पण घट्ट नको का व्हायला?" दहा मिनिटांत कडेचे तीन दोरे गेले. शिकवणाऱ्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत, चष्मा चढवला आणि एकेक दोरा गाठ मारून जोडत बसल्या, आमचा अर्धा वेळ त्यातच गेला. हातात काय आलं तर डमरूच्या आकाराचा कोस्टर.

मी काय करते, बाणा थोडा तिरका आणि ढिलाच सोडते, काठाशी दोरा नुसता टेकला की बास, मग ठोकायचं. घट्टपणा ठोकण्यातून येतो हो, ओढण्यातून नाही! आणि सुरुवातीच्या रुंदीची कागदाची पट्टी कापून ठेवते, पाच-सहा ओळी झाल्या की लावून बघते.

जिबाता नावाच्या पारंपरिक मागावर बसलात तर अजून एक. त्यात ताणा तुमच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेला असतो, म्हणजे ताण देणारे तुम्हीच. पोक काढून बसलात की दोरे सैल, धोटा जायची फट नीट उघडत नाही आणि धोटा दोन-चार दोऱ्यांच्या भलत्याच बाजूने जातो. असं झालं तर पुढे रेटू नका, तेवढी ओळ उसवा. आणि पट्टा न सोडता फोटोसाठी उठू नका (उठलेत लोक!).

अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. टाइट जीन्स नको, पाय लांब करून बसायचंय. बुकिंग आधी करा.

"तासाभरात स्टोल होईल ना?" नाही होणार. खऱ्या युकी-त्सुमुगीचा दोरा रेशमाच्या कोषांपासून केलेल्या मवातातून (कापसासारख्या मऊ रेशमातून) बोटांनी थुंकी लावत ओढतात, पीळ अजिबात नाही, आणि नुसतं विणायलाच कित्येक आठवडे जातात. 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं ते उगाच नाही. येवल्याला पैठणी विणताना बघितलीये म्हणून घाई करणाऱ्या काकू तर सगळ्यात अवघड, बघणं वेगळं हो.

आणि युकीला जाताना ओयामाला गाडी बदलायची असते, तिथे मितो लाइनची गाडी चुकवू नका, पुढची लगेच नसते, आणि तुम्ही उशिरा पोचलात तरी तुमचा तास वेळेवरच संपतो.