‘फास्टली’ लिहिणाऱ्यांनो, या चुका टाळा

इंग्रजी मजकूर तपासायला घेतला की पहिल्या पानावरच ‘फास्टली’ भेटतो. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, मग फास्टचं फास्टली, असा सरळ हिशोब. पण फास्ट विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. ‘अ फास्ट कार’ आणि ‘शी रन्स फास्ट’, दोन्हीकडे तोच. हार्डचंही तसंच, फक्त तिथे शेपूट जोडलं तर अर्थाचा बट्ट्याबोळ होतो. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काम करतो. शिफारसपत्रात हे वाक्य गेलं तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

‘मोअर फास्टर’ नको, नुसतं ‘फास्टर’ पुरे.

खरं दुखणं आहे ते आपल्या ‘लवकर’चं. या एका शब्दात आपण तीन गोष्टी भागवतो: थोड्याच वेळात, ठरल्या वेळेआधी आणि झटपट. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे सून, अर्ली आणि क्विकली असे वेगळे शब्द आहेत. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने दहाच्या बैठकीसाठी पाहुण्यांना मेल धाडला, ‘प्लीज कम फास्ट टुमॉरो.’ त्याला म्हणायचं होतं, दहाच्या आधी या. आम्ही साडेनऊपासून दाराकडे डोळे लावून बसलेलो, पाहुणे आले बरोबर दहाला. आल्या आल्या विचारतात, ‘गाडी जोरात हाणायला का सांगितलंत? रस्त्यात काही अडचण होती का?’ त्या मुलाने मोबाइलवर ‘लवकर’ टाकलं आणि जो शब्द सगळ्यात वर आला तो उचलला. मला या घाईचाच राग येतो. दोन उदाहरणं वाचायला असा किती वेळ लागतो? मी स्वतः अशा ठिकाणी अर्लीच्याही भरवशावर राहत नाही, सरळ वेळ लिहितो: ‘प्लीज कम बाय नाइन थर्टी.’

क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये क्विकली घुसवू नका. ‘शी ओपन्ड क्विकली द डोअर’ चुकीचं. शब्द क्रियापदाच्या आधी ठेवा, नाहीतर वाक्याच्या शेवटी.

समानार्थी शब्दांच्या यादीतून रॅपिडली, स्विफ्टली उचलून भारदस्त दिसायची हौसही आवरा. रॅपिडली शोभतो वाढ किंवा बदल सांगताना: लोकसंख्या, तापमान, रोगाचा फैलाव. स्विफ्टली जरा औपचारिक, तत्परतेने केलेल्या कारवाईला चालतो. ‘आय एट माय लंच रॅपिडली’ व्याकरणात बसतं, पण वाचताना प्रयोगाची नोंद वाटते. तिथे साधं क्विकली लिहा.

आणि ‘फास्ट अस्लीप’ वाचून ‘पटकन झोपला’ असं भाषांतर करणाऱ्यांनो, जरा थांबा. फास्टचा जुना अर्थ घट्ट, पक्का. धुतल्यावर न जाणाऱ्या रंगाला फास्ट कलर म्हणतात तो त्यातूनच. म्हणून ‘ही इज फास्ट अस्लीप’ म्हणजे तो गाढ झोपलाय, आणि पटकन झोप लागली असेल तर ‘ही फेल अस्लीप फास्ट’.